माप योगिनीचं, ब्लाऊज दर्शनाचा

फहाहील (कुवेत), बुधवार
(दुपारची दुकान बंद ठेवायची वेळ. दुकानातला अशरफ इस्त्रीच्या टेबलाखाली झोपला आहे, म्हणून हळू आवाजात लिहितो.)

दिनकरशेठ,

तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्याहून चारच महिन्यांनी मोठा, चिरंजीव म्हणावं तर तुझं टक्कल आड येतं. साष्टांग नमस्काराची रीत आहे, पण इतकी वर्षं मशीनवर बसलेली माझी कंबर साष्टांगाला तयार नाही, तेव्हा उभ्या उभ्या घालतो तो गोड मानून घे. तुझा खोकला कसा आहे? वहिनींच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का? तुझं मशीन अजून डावीकडे ओढतं की शेवटी दुरुस्त केलंस? (केलं नसशीलच. ते मला आता पुराव्यानिशी ठाऊक आहे, पण त्याची पाळी पुढे येईल.) मी बरा आहे. इथे थंडी पडली आहे आणि खोलीतले आम्ही सहाही जण एकमेकांच्या मफलरी वापरतो. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी चिडायला लागलो की तू 'रेंज नाय रे' म्हणून मोकळा होतोस. पत्राला रेंज लागत नाही, तेव्हा पाट घे, बस आणि वाच.

आधी मुद्द्याचं. आमच्या दर्शनाच्या कॉलेजात पुढच्या गुरुवारी बारावीचा निरोप समारंभ आहे. (तुला ठाऊक असेलच, गावात तुला ठाऊक नसतं असं काय असतं!) ती आईची, आपल्या रत्नमालेची, मोरपंखी साडी नेसणार आणि ब्लाऊज बाबांनीच शिवायचा, असं तिने स्वतः फोनवर सांगितलं. आजवर तिला मी फ्रॉक पाठवले, पंजाबी ड्रेस पाठवले, पण ब्लाऊज हा पहिलाच. फ्रॉकमध्ये दोन इंच इकडेतिकडे झाले तर हवा खेळती राहते म्हणून खपून जातं. ब्लाऊज कुणाची भीड ठेवत नाही. साडीचा फोटो हातात धरून मी इथल्या बाजारात चार दुकानं पालथी घातली आणि कापड जुळवून आणलं. ते आता माझ्यासमोर न कापलेलं पडलं आहे. आपल्या खालच्या वाडीतला काशिनाथ, जो इथे जलीबला राहून एसी दुरुस्त करतो, शुक्रवारी गावी निघतो. त्याच्या बॅगेतून ब्लाऊज जायला हवा. आणि कात्री लावायला माझा हात धजत नाही. गेल्या पंधरवड्यात चाळीस ब्लाऊज कापलेला माणूस स्वतःच्या मुलीच्या एका ब्लाऊजपाशी अडून बसला आहे. का, ते सांगतो, आणि त्यात तुझा हात किती आहे तेही सांगतो.

तुला ठाऊक आहे की आमच्या दुकानामागे जी भारतीय शाळा आहे तिचे गणवेश मी शिवतो. मी इथे आलो त्या वर्षी जी पोरं पहिलीत होती ती यंदा बारावीतून बाहेर पडत आहेत. म्हणजे मी कुवेतला आलो आणि ती शाळेत आली, दोघंही साधारण सारखंच रडत होतो. या पोरांचाही निरोप समारंभ काल, मंगळवारी झाला. त्यासाठी पोरांना ब्लेझर आणि पोरींना साडीवरचे ब्लाऊज. दिनकर, वैऱ्यावरही ही वेळ येऊ नये. एकेक मुलगी फोनमध्ये गळ्याचं चित्र घेऊन येते आणि पाठ नऊ इंच खोल सांगून जाते. ती गेल्यावर तासाभराने तिची आई येते आणि सहा इंचांच्या वर गेलास तर बघ, असं बजावून जाते. मी साडेसात इंच शिवतो आणि दोघींच्या शिव्या खातो. पोरांचं निराळंच. त्यांना पँट इतकी अरुंद हवी की ती घालायची कशी हा प्रश्न त्यांचा आणि ती फाटली का हा प्रश्न माझा.

यातली योगिनी म्हणजे पुण्याकडची. तिची आई कुसुमताई इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. या पोरीचं आणि आमच्या दर्शनाचं वय एकच, महिनाही एकच. ही गोष्ट मला ती पहिलीत असताना कळली आणि त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवून आहे. (वहिनींना हे वाक्य वाचून दाखवू नकोस, पुढचं वाक्य वाचून दाखव.) ती वाढली की मी समजतो दर्शना वाढली. दर दोन वर्षांनी गावी आलो की मी दर्शनाचं माप घ्यायचो, मधल्या वर्षी योगिनी जितकी वाढेल तितकं त्यात मिळवायचो, आणि ते हिशेबात बसायचं. पण कोरोना सरल्यावर जो आलो होतो तो शेवटचा. पुढे एकदा मालकाने दुकान हलवलं, एकदा माझा इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, नूतनीकरणात अडकला, आणि बघता बघता चार वर्षं गेली. नववी, दहावी, अकरावी, बारावी. म्हणजे आठवीतली दर्शना अधिक योगिनीची चार वर्षं, या हिशेबाने मी चार दिवाळ्या तिला ड्रेस पाठवले. फोनवर दर वेळी उत्तर एकच यायचं, बरोब्बर बसला. आता व्हिडिओ कॉलमध्ये माणूस गळ्यापर्यंतच दिसतो. गळ्याचं माप मात्र मी एकदाही चुकलो नाही, हे तूही कबूल करशील.

आता मापाच्या वहीचं प्रकरण. आपल्या तुळशीदास मास्तरांनी शिकवलेलं तुला आठवतं ना? आकडा पुढच्या वर्षी बदलतो, माणसाची उभं राहायची तऱ्हा बदलत नाही, म्हणून आकड्याशेजारी माणूस कसा उभा राहतो ते लिहायचं. तू ते कधी केलं नाहीस (तुझी वही म्हणजे सिगारेटच्या पाकिटांच्या पाठी), पण मी अकरा वर्षं इमानाने लिहीत आलो. मराठीत लिहितो, कारण इथे ते वाचणारं कोणी नाही, अशी माझी समजूत होती. योगिनी दर शुक्रवारी मंडळाच्या मराठी शाळेत जाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी सात-आठ जण ट्रायलला आले. समारंभात शाळेच्या वर्षांकडे मागे वळून बघायचा काहीतरी कार्यक्रम करायचा होता आणि कुणाकडे काही नव्हतं, कारण यांचे जुने फोटो जुन्या फोनांबरोबर गेले. मी आत काज करत होतो. बाहेर एकदम हशा पिकला. बघतो तर योगिनी काउंटरवर बसून माझी वही मोठ्याने वाचत होती आणि बाकीच्यांना इंग्रजीत समजावत होती. संग्रामच्या पानावर सलग तीन वर्षं लिहिलं होतं, 'आई म्हणते वाढेल. वाढत नाही.' आणि अकरावीला, 'वाढला! आईला कळवणे.' कोरोनाच्या दोन वर्षांत सगळ्यांच्या नावापुढे नुसतेच शर्ट, पँट एकाचीही नाही, कारण कॅमेऱ्यात पँट दिसत नव्हती. ते वाचून पोरांनी एकमेकांना ती दोन वर्षं कशी काढली याच्या अशा काही कबुल्या दिल्या की अशरफने लाजून तोंड फिरवलं. मग आला प्रज्वल. नववीच्या वर्षी मी लिहिलं होतं, 'उजवा खांदा अर्धा इंच खाली. दोन दप्तरं उचलतो काय?' योगिनीने पान उलटलं. तिथे शर्वरी, त्याच वर्षीची. 'दोन्ही खांदे सरळ. हिला दप्तर नसतंच.' दिनकर, त्या दोघांनी चार वर्षं आईबापांपासून, मास्तरांपासून, सगळ्या वर्गापासून जे लपवलं ते माझ्या टेपने फोडलं. शर्वरी लाल झाली आणि ट्रायलच्या पडद्यामागे गेली ती बाहेर येईना. प्रज्वल तिथेच उभा, उजवा खांदा अजून खालीच.

योगिनीने स्वतःचंही पान काढलं. 'टेप लावला की हसते. हसून झाल्यावर माप घेणे.' हे नववीपर्यंत दर वर्षी. (सातवीनंतर मुलींची मापं त्यांच्या आया घेतात, मी नुसते आकडे लिहून घेतो. पण ही आईच्या टेपलाही हसायची.) आणि दहावीच्या वर्षी, 'यंदा हसली नाही.' ते वाचून तिने बोट त्या ओळीवरच ठेवलं. त्या वर्षी तिची आजी पुण्यात वारली होती आणि बोर्डाची परीक्षा म्हणून हिला नेलं नव्हतं. तिच्या वर्गातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मी फक्त पाहिलं ते लिहिलं होतं. शर्वरी पडद्यातून बाहेर आली आणि तिच्याजवळ येऊन बसली.

इथवर ठीक होतं. पण ती पोर पानं उलटत शेवटाला पोचली आणि तिथे दर्शनाचं पान निघालं. "अंकल, ही कोण? हिच्यापुढे सगळीकडे 'योगिनीप्रमाणे' असंच लिहिलंय," म्हणाली. माझी मुलगी, म्हणालो. मग तिने विचारलं, "पण हिच्या शेजारी ती कशी उभी राहते ते काहीच नाही लिहिलं?"

खरंच नव्हतं लिहिलेलं. शाळेतल्या सहाशे पोरांचं लिहिलं आणि त्या एका पानावर चारही वर्षं तो रकाना कोरा. मला माझीच लाज वाटली. वाईट म्हणजे किती वाईट वाटलं ते तुला सांगायला मला शब्द शोधावे लागतील, आणि सुट्टी चारला संपते.

लाज झाकायला मी काय केलं असेल? बढाई मारली. म्हटलं, लिहायची गरजच काय, ड्रेस बरोब्बर बसतो, हा बघा दिवाळीचा फोटो. माझ्या फोनच्या काचेला तडे आहेत हे तुला माहीत आहे. प्रज्वलने तो फोटो स्वतःच्या टॅबवर घेतला आणि मोठा केला. आणि दिनकर, माझ्या जांभळ्या ड्रेसच्या दोन्ही कुशींना वरपासून खालपर्यंत पांढऱ्या दोऱ्याची टीप! डावीकडे झुकलेली! घेर खालून हातभर आत दुमडलेला, बाही कोपरापाशी आवळलेली. जांभळ्या कापडाला पांढरा दोरा लावणारा माणूस आपल्या तालुक्यात एकच आहे. आणि डावीकडे झुकणारा टाका म्हणजे तर तुझी सहीच. मास्तरांनी त्या टाक्यावरून तुला किती वेळा टेपने झोडलं आहे, मी मोजायला होतो.

मग बाकीचे तीन फोटोही मोठे करून बघितले. चारही ड्रेस उसवलेले, चारही परत शिवलेले, चारही पांढऱ्या दोऱ्याने! म्हणजे तू, रत्नमाला आणि माझी पोटची पोर, तिघांनी मिळून चार वर्षं मला बनवलं. समोर आठ पोरं उभी होती, म्हणून मी इस्त्रीची वाफ डोळ्यांत गेली असं म्हणालो. इस्त्री थंड होती, ते अशरफने सगळ्यांना सांगितलं. रत्नमालेला लगेच फोन करून विचारलं, दिवाळीचा ड्रेस नीट बसला होता ना? म्हणते कशी, "बरोब्बर!"

आता तू म्हणशील समारंभाचं काय झालं. पोरांनी वही मागून नेली आणि काल शाळेच्या सभागृहात तिची पानं मोठ्या पडद्यावर दाखवली, खाली इंग्रजी अर्थासकट. मलाही बोलावलं होतं. मी माझा स्वतःचा सफारी घालून तिसऱ्या रांगेत बसलो. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि आया डोळे पुसत होत्या. दर्शनाचं पान योगिनीने दाखवलं नाही, तेवढी तिला समज आहे. पण घाईत एक पान भलतंच आलं. त्यावर लिहिलं होतं, 'पोट आत घेऊन उभे राहतात. दोन इंच जास्त धरणे. स्वतःला सांगू नये.' ते प्रिन्सिपलसाहेबांचं होतं. मी खुर्चीखाली काही पडलं आहे का ते बघायला वाकलो आणि बराच वेळ वर आलो नाही. साहेब माणूस मोठा, त्यांनीच आधी हसायला सुरुवात केली. आज सकाळी दोन पँटींची मापं द्यायला आले होते. पोट मोकळं सोडून उभे राहिले. अकरा वर्षांत मला त्यांचं खरं माप आज मिळालं.

परक्या माणसाने मला खरं माप दिलं, दिनकर, आणि घरच्यांनी दिलं नाही. तेव्हा आता ऐक. माझा रुसवा आहे असंच समज. दर्शनाचं खरं माप, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, सगळं रत्नमालेकडून टेपने घेववून मला ताबडतोब पाठव. आणि इथून पुढे मी शिवलेल्या कपड्याला तुझी कात्री लागता कामा नये. ब्लाऊज मी शिवीन, तो बसेल, आणि तुझ्या दुकानाची पायरी न चढता थेट कॉलेजात जाईल. माझ्या मुलीच्या अंगावर चार वर्षांत माझ्या हातची एकही शिवण जशीच्या तशी राहिली नाही, याचं मला फार लागलं आहे. बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा (तूर्त नावापुरताच),
दत्तप्रसाद

ता. क. बुधवार, चार वाजून पाच मिनिटं. अशरफ उठला आणि त्याने एक शंका काढली. माप पाठव म्हणून मी हे पत्र लिहिलं, ते काशिनाथबरोबर जाणार. ब्लाऊजही काशिनाथबरोबरच जाणार. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा ब्लाऊज शिवून तुझ्यापुढे असेल. रागाच्या भरात हे माझ्या लक्षात आलं नाही. तरी पत्र फाडत नाही, फार मेहनतीने लिहिलं आहे.

ता. क. दुसरा. गुरुवार, दुपार. सकाळी योगिनी वही परत द्यायला आली. ब्लाऊजचं कापड तसंच पडलेलं बघून तिने दर्शनाचा नंबर मागितला आणि माझ्यासमोर व्हिडिओ कॉल लावला. एक पुण्याची मराठी इंग्रजीत बुडवून बोलते, दुसरी मालवणीशिवाय बोलत नाही, पण दोन मिनिटांत दोघी अशा हसायला लागल्या की मला बाहेर घालवलं. रत्नमालेने तिकडे टेप धरला, दर्शनाने आकडे सांगितले, योगिनीने वहीत लिहिले. या वेळी कुणी 'बरोब्बर' म्हणालं नाही. दिनकर, आमची पोर योगिनीपेक्षा साडेचार इंच बुटकी आहे! नववीनंतर वाढलीच नाही, आणि मी तिला दर दिवाळीला वाढवत होतो. खांदे मात्र रुंद, माझ्यासारखे. कोऱ्या रकान्यात योगिनीने इंग्रजीत काहीतरी लिहून ठेवलं, ते अशरफकडून वाचून घेतलं. 'भांडायला निघाल्यासारखी उभी राहते.' आईवर गेली आहे. मी ते वाक्य खाली मराठीत माझ्या अक्षरात पुन्हा लिहिलं. ब्लाऊज दुपारी कापला आणि लगेच शिवला. असा बसेल की बघत राहशील.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. वरचं सगळं तू विसरलास तरी चालेल. मला बाहेर घालवलं होतं खरं, पण पडद्याला कान लागतात. योगिनी तिला विचारत होती की ड्रेस बसत नव्हते तर बाबांना सांगितलं का नाहीस. त्यावर आमची म्हणते, "बाबांचो ड्रेस इलो काय मी दिनकरकाकाकडे जातंय. तो उसवता उसवता बाबांच्यो गजाली सांगता, चांगले दोन-दोन तास. ड्रेस बसलो तर मी खंय जावचा?" योगिनीने विचारलं गजाली म्हणजे काय, तर म्हणाली, बाबा इथे असते तर जे बोलले असते ते.

मी पडद्याबाहेर उभा होतो, हातात टेप.

तर आता माझी विनंती अशी. (सरपंचाच्या लेंग्याला दोन्ही पाय डावे मी नव्हे, तू लावले होतेस. ते तिला माझ्या नावावर सांगितलं आहेस असं कळलं. ते आधी दुरुस्त कर.) शनिवारी काशिनाथ ब्लाऊज देईल. दर्शना तो घेऊन तुझ्याकडे येईल, कारण येतेच. ब्लाऊज तंतोतंत बसेल, पण तिला तसं सांगू नकोस. चष्मा लाव, डाव्या कुशीकडे बघून मान हलव, ती शिवण पुरती उसव, आणि जशी होती तशीच पुन्हा घाल. दोन तास लाव. घाई करायची नाही, मधे चहा सांग.

दोरा मोरपंखीच वापर. रीळ बरोबर पाठवलं आहे.